सोंड, खिंड आणि पदर : पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात हरणाची जागा हेरताना

पेनसिल्व्हेनियात बंदुकीनं हरीण मारण्याचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या शनिवारी सुरू होतो. त्या दिवशी पहाटे चार वाजता आमच्या गावातल्या पेट्रोल पंपावर नारिंगी जाकिटांची गर्दी असते. कॉफीला रांग लागते. त्यातले बरेच जण संध्याकाळी रिकाम्या हातानं परततात आणि म्हणतात, ‘यंदा जंगलात हरीणच नाही.’ हरीण असतं. त्यांनी गाडी लावली तिथून फार लांब नाही, डोंगराच्या एखाद्या बाजूला ते निवांत रवंथ करत बसलेलं असतं. ते तिथे बसणार हे मार्चमध्येच कळण्यासारखं होतं.

हा लेख त्या मार्चमधल्या कामाबद्दल आहे. इथे त्याला ‘स्काउटिंग’ म्हणतात, आपण हेरणं किंवा माग काढणं म्हणू. खासगी शेतात शिकार करणाऱ्याला मालकाच्या ओळखीवर भागवता येतं. सरकारी जंगलात सगळ्यांना सारखाच हक्क असतो, म्हणून तिथे ज्यानं पायपीट केली त्यालाच काही गवसतं.

शिकारीचं नाव काढलं की मराठी माणूस बिचकतो, आणि ते बरोबरच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं भारतात शिकार बंद केली. आपल्याकडची जंगलं आणि प्राणी पाहता ती बंदी मला पूर्णपणे योग्य वाटते. इथली गोष्ट मात्र वेगळ्या वाटेनं गेली. १९०० सालाच्या सुमारास बेसुमार शिकार आणि जंगलतोडीमुळे पेनसिल्व्हेनियात हरीण जवळजवळ नाहीसं झालं होतं. १९०६ मध्ये राज्यानं मिशिगनहून हरणं विकत आणून सोडली. लांडगे आणि प्यूमा त्याआधीच संपले होते. मग हरणं अशी वाढली की त्यांनी जंगलाची पोरंच खाऊन टाकली. ओकचं रोपटं उगवलं की हरणाच्या तोंडी जातं आणि तिथे हरणाला न आवडणारं नेचं पसरतं. आजही इथल्या कित्येक जंगलांत वर मोठी झाडं, खाली नुसतं नेचं आणि मधे काहीच नाही, असं दिसतं. म्हणून वन्यजीव खातं दर वर्षी विभागवार ठरवतं की किती माद्या मारायला परवाने द्यायचे. जंगली हरणाचं मांस विकायला बंदी आहे. ते घरी खायचं, नाहीतर वाटायचं. एवढं सांगून मी तो वाद इथेच ठेवतो.

सरकारी म्हणजे नेमकं कोणाचं?

‘पब्लिक लँड’ हा शब्द फसवा आहे. केंद्र सरकारचं राष्ट्रीय वन असतं, त्यात शिकार चालते. यलोस्टोनसारखं राष्ट्रीय उद्यान असतं, तिथे चालत नाही. आमच्या राज्यात मुख्यतः दोन प्रकार कामाचे आहेत. एक राज्य वनं, सुमारे २२ लाख एकर. दुसरी ‘स्टेट गेम लँड’, सुमारे १५ लाख एकर, जी वन्यजीव खात्यानं विकत घेतली आहे. पहिली गेम लँड १९२०ची. यासाठी लागणारा पैसा बराचसा शिकाऱ्यांच्या परवाना-शुल्कातून आणि जमिनीवरच्या लाकूड व वायूच्या उत्पन्नातून येतो. शिवाय १९३७च्या केंद्रीय कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर जो कर लागतो, तोही राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो.

रानात हद्द ओळखायची रंगावरून. गेम लँडच्या कडेच्या झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे असतात आणि पाट्याही असतात. जांभळा पट्टा दिसला तर थांबायचं. २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात जांभळा रंग म्हणजे ‘ही खासगी जमीन, आत येऊ नये’, आणि त्याला पाटीइतकाच कायद्याचा आधार आहे. फोनवरची नकाशाची ॲप जमिनीची हद्द दाखवतात आणि ती फार उपयोगी आहेत. पण दाट झाडीत आणि खोल घळीत जीपीएस थोडंफार चुकतं. हद्दीच्या अगदी काठावरची जागा मी म्हणूनच घेत नाही. जखमी हरीण दोनशे पावलं पळून खासगी रानात पडलं, तर मालकाला विचारल्याशिवाय आत पाय टाकता येत नाही.

हेरायला जायला परवाना लागत नाही. बंदूक नाही, बाण नाही, नुसतं चालायचं आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात गेम लँडवर नुसतं फिरायला जाणाऱ्यालाही नारिंगी कपडे सक्तीचे असतात. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. त्याच्या डोळ्याला निळा रंग चांगला कळतो, नारिंगी मातकट वाटतो. त्यामुळे रानात जीन्सची पँट जाकिटापेक्षा जास्त घात करते.

घरी बसून अर्धं काम

मी पुण्याहून इथे आलो तेव्हा माझ्याकडे शिकारीचा काहीही अनुभव नव्हता. सह्याद्रीत मात्र पंधरा वर्षं भटकलो होतो. इथले जुने शिकारी नकाशा उघडून बोलायला लागले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे सगळं मला येतं, फक्त नावं वेगळी आहेत.

मध्य पेनसिल्व्हेनियातले डोंगर एकामागे एक, लांबलचक, ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेले आहेत, मधे दऱ्या. टसी, बाल्ड ईगल, निटनी ही त्यांची नावं. माझं फिरणं बहुतेक रॉथ्रॉक राज्य वनात असतं. नकाशावर समोच्च रेषा पाहिल्या की डोंगराची सगळी अंगं दिसतात. रेषा जवळजवळ असल्या तर चढ उभा, लांब असल्या तर सोपा. रेषांचं टोक उताराकडे निघालं असेल तर ती सोंड. टोक वर, धारेच्या म्हणजे डोंगरमाथ्याच्या दिशेनं घुसलं असेल तर ती घळ. दोन उंचवट्यांमधे धार खाली वाकून डमरूसारखा आकार झाला असेल तर ती खिंड. आणि उभ्या चढाच्या मधोमध रेषा एकदम विरळ झाल्या, मग पुन्हा गच्च झाल्या, तर तो पदर.

पदर हा शब्द मराठीत आहे याचं मला इथे आल्यावर कौतुक वाटायला लागलं. खांडसकडून भीमाशंकरला चढताना मधेच सपाटी लागते, तिथल्या वाडीचं नावच पदरवाडी. अर्धा घाट चढून दमलेला माणूस तिथे श्वास घेतो. हरणालाही तेच हवं असतं. वर धारेवर गेलं तर ते आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतं, खाली दरीत गेलं तर रस्ता आणि माणसं. पदरावरून त्याला कमी श्रमात, आडोशानं, डोंगराच्या अंगाला समांतर जाता येतं.

आता हे तुकडे जोडायचे. हरणाला एका दरीतून पलीकडच्या दरीत जायचं असलं तर ते सहसा धारेचा सगळ्यात उंच भाग चढत नाही, खिंडीतून जातं. पदर जिथे अरुंद होतो आणि वरखाली कडा किंवा दगडांचा खच असतो, तिथे विस्कळित वाटा एकत्र येतात. दोन घळींची तोंडं जवळ आली की त्यांच्या माथ्याला वळसा घालून जाणारी एक वाट हमखास सापडते. शिकारीची जागा शोधणं म्हणजे हरणाला ज्या ठिकाणाहून जाण्यावाचून फारसा इलाज नाही, ते ठिकाण शोधणं. हरीण दिसणं ही त्यानंतरची गोष्ट.

उपग्रहाची छायाचित्रं दुसरी बाजू दाखवतात. जंगलात जिथे आठ-दहा वर्षांपूर्वी झाडं तोडली गेली, तिथे आता दाट गचपण असतं. त्यात खायला कोवळे शेंडे आणि लपायला जागा दोन्ही मिळतं. हे गचपण आणि जुनं उंच जंगल यांच्या शिवेवर हरीण वावरतं. हिवाळ्यातल्या छायाचित्रात हेमलॉक आणि माउंटन लॉरेल ही सदाहरित झाडंझुडपं हिरवी दिसतात, बाकी सगळं तपकिरी. ते हिरवे ठिपके म्हणजे थंडीवाऱ्यातला आडोसा.

लायडारचा नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं. विमानातून लेझर सोडून केलेल्या या मोजणीत झाडं काढून टाकल्यासारखी उघडी जमीन दिसते. आमच्या राज्यात ही माहिती सगळ्यांना खुली आहे. रॉथ्रॉकचा लायडार पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोंगरउतारांवर बांगड्या ठेवल्यासारखी गोल सपाट वर्तुळं दिसली. त्या कोळशाच्या भट्ट्यांच्या जागा निघाल्या. इथे ग्रीनवुड फर्नेस नावाची लोखंडाची भट्टी १८३४ ते १९०४ चालली. तिच्यासाठी हे सगळे डोंगर तोडून लाकडाचा कोळसा केला जायचा. आजचं जंगल त्यानंतर उगवलेलं आहे. त्या वर्तुळांना जोडणाऱ्या गाडीवाटा शंभर-सव्वाशे वर्षांनीही उतारावर टिकून आहेत, आणि त्यांच्यावरून आता हरणं जातात. माणसानं चढ सोपा करून ठेवला, जनावरानं तो वापरात ठेवला.

मार्चमध्ये चालायला लागल्यावर

हंगाम संपल्यावर, बर्फ वितळताना आणि पालवी फुटायच्या आत, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत जंगल सगळं उघडं असतं. गेल्या शरद ऋतूतल्या खुणा अजून पुसलेल्या नसतात. आपण हरणाला उठवलं तरी बिघडत नाही, कारण नोव्हेंबर आठ महिने लांब आहे. हेच ऑक्टोबरमध्ये केलं तर आपण स्वतःच्या हातानं जागा मोडतो.

गेल्या मार्चमधली एक दुपार सांगतो. नकाशावर तीन वर्षं डोळा होता अशा एका पदरावर मी चढून गेलो. आग्नेयेकडचा उतार, त्यामुळे बर्फ जागोजागी वितळलेलं. पदराच्या बाहेरच्या टोकाला, जिथून सोंड खाली उतरते, तिथे तीन लंबगोल खळगे दिसले. दोन लहान आणि त्यांच्यापासून तीसेक पावलांवर एक मोठा, माझ्या पसरलेल्या हातापेक्षा जरा कमी लांबीचा. पानं दाबून चिकटलेली, त्यात पोकळ, ठिसूळ, राखाडी केस. बसायच्या जागा. मोठ्या खळग्यात मी गुडघे टेकून, मान हरणाच्या उंचीला आणून बसलो. खाली दरीतली वाट, ओढा, अगदी लाकडी पूलसुद्धा दिसत होता. पाठीमागे धार. वायव्येचा वारा धारेवरून येऊन माझ्या मानेला लागत होता. तिथे बसलेल्या हरणाला मागून येणाऱ्याचा वास येतो आणि पुढून येणारा दिसतो. माणसाला त्याच्याजवळ पोचायला वाट उरत नाही. मी तसाच दहा मिनिटं बसून राहिलो. एवढा शहाणपणा पुस्तकातून माझ्या डोक्यात कधीच शिरला नसता.

एकच खळगा एकट्या नराचा असू शकतो, लहानमोठे अनेक खळगे एकत्र म्हणजे बहुधा मादी आणि पाडसं. ठशावरून नर की मादी हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. मोठा ठसा म्हणजे मोठं हरीण, इतकंच म्हणता येतं. शिंगं घासल्याच्या खुणा मात्र नराच्याच. सप्टेंबरात शिंगांवरची मखमल उतरते, तेव्हापासून नर लहान झाडांच्या सालीवर शिंगं आणि कपाळ घासतो. त्यानं साल निघते आणि त्याचा वासही झाडाला लागतो. साल ज्या बाजूनं सोलली आहे, त्या बाजूनं तो आला होता. अशा चार-सहा खुणा ओळीनं सापडल्या आणि सगळ्या एकाच बाजूनं सोललेल्या असल्या, तर त्याची वाट आणि वेळ दोन्हीचा अंदाज येतो. बसायच्या जागेकडे तोंड असलेली साल म्हणजे तो संध्याकाळी तिथून निघून खायला चालला होता. मांडीएवढं जाड झाड सोललेलं दिसलं, तर समजायचं की इथे कोणी तरी थोर राहतं.

दुसरी खूण म्हणजे खुरानं उकरलेली माती. ताटाएवढी किंवा परातीएवढी जागा पानं झटकून उघडी केलेली असते, आणि तिच्या बरोबर वर, हरणाच्या तोंडाच्या उंचीला, एक चघळलेली, मोडलेली फांदी. मातीपेक्षा ती फांदी महत्त्वाची. नर तिला कपाळ, डोळ्याजवळची ग्रंथी, जीभ लावून जातो. माद्याही थांबतात. गावातल्या पारावरच्या फळ्यासारखं ते असतं, येणारा जाणारा आपली खबर ठेवतो आणि दुसऱ्याची घेतो. जुने शिकारी सांगतात की चांगल्या फांदीखालची जागा वर्षानुवर्षं तीच राहते. माझ्या खिंडीतली एक मी सलग चार वर्षं पाहतो आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर इथल्या माद्या माजावर येतात. दिवस लहान होण्यावर ते ठरतं, थंडीवर नाही, त्यामुळे तारखा दर वर्षी जवळपास त्याच. त्या पंधरवड्यात नर भर दुपारी फिरतात. एरवी हरीण पहाटे आणि तिन्हीसांजेला हलतं. माजाच्या दिवसांत माद्यांच्या बसायच्या जागेवरून वारा जिकडे वाहतो, त्या बाजूनं नर चालत जातो, म्हणजे एका फेरीत त्याला सगळ्यांची चौकशी होते. मार्चमध्ये माद्यांचे खळगे सापडले असतील, तर नोव्हेंबरातल्या नराची वाट तुम्ही नकाशावर आखू शकता. या एका गोष्टीनं माझी शिकार बदलली.

झाडावर काय लागलंय

इथे शेतं नाहीत, मका नाही. डोंगरावर हरणाचं अन्न म्हणजे शरदात ओकची फळं, एकॉर्न, आणि हिवाळ्यात कोवळे शेंडे. पूर्वी या डोंगरांवर अमेरिकन चेस्टनट होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या बुरशीनं तो जवळजवळ संपवला, आणि ओकवर सगळी भिस्त आली.

ओकचे दोन गट ओळखता यायला हवेत. पानाचे कंगोरे गोल असले तर पांढऱ्या ओकचा गट. कंगोरे टोकदार, टोकाला केसासारखा काटा, तर तांबड्या ओकचा. पांढऱ्याची फळं एकाच हंगामात पिकतात आणि कमी तुरट असतात, म्हणून हरीण आधी तीच वेचतं. तांबड्याची फळं पिकायला दोन हंगाम लागतात. ती अधिक तुरट असतात, पण जमिनीवर टिकतात आणि डिसेंबरात कामाला येतात. या फरकामुळे एखाद्या वसंतात दहिवरानं पांढऱ्याचा मोहोर मारला, तरी तांबड्याला त्याच वर्षी भरपूर फळं असू शकतात. दर वर्षी सगळीकडे फळं लागत नाहीत. म्हणून मार्चमध्ये नुसतं ‘इथे ओक आहेत’ अशी नोंद करून भागत नाही. ऑगस्टच्या शेवटी दुर्बीण घेऊन जायचं आणि शेंडे बघायचे.

आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ, वय ऐंशीच्या पुढे, यांनी मला पानं वाचायला शिकवलं. ते एका झाडाखाली काठीनं पानं बाजूला करून नुसत्या टोप्या दाखवत होते. फळ खाल्लं की टोपी उरते. खारीनं खाल्लेल्याचे कुरतडलेले तुकडे पडतात, हरीण फळ तोंडात चुरडतं आणि साल बाजूनं गळते. ओली पानं उलटी होऊन गडद बाजू वर आली असेल, तर कोणी तरी आज सकाळीच चरून गेलं. शेजारीच लेंड्या ओल्या, चकचकीत असतील तर शंकाच नको. हंगामात मी आता एवढंच शोधतो. बाकी सगळं मार्चनं सांगितलेलं असतं.

वारा आणि म्हातारी

जागा चांगली आहे म्हणून तिथे रोज बसता येत नाही. हरणाचे डोळे चुकवता येतात, कान थोडेफार चुकवता येतात, नाक नाही. वास मारणारे साबण, फवारे, वास शोषणारे कोळशाचे कपडे यांवर लोक खूप खर्च करतात. माझा अनुभव असा की वारा चुकला तर त्यातलं काहीही वाचवत नाही.

डोंगरात वारा दोन प्रकारचा. एक हवामान खात्याचा, वायव्येकडून किंवा पश्चिमेकडून येणारा. दुसरा डोंगराचा स्वतःचा. शाळेत भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकलो होतो, ते आठवा. ऊन चढलं की उतार तापतो आणि हवा दरीतून वर सरकते. ऊन उतरलं की थंड, जड हवा उतारावरून दरीत ओघळते, पाण्यासारखी, घळीघळीतून. याचा सरळ अर्थ असा, की सकाळी ऊन लागल्यावर हरणाच्या वरच्या अंगाला बसायचं आणि संध्याकाळी खालच्या. घळीच्या माथ्यावर संध्याकाळी बसलात, तर तुमचा वास ओढ्यासारखा खाली वाहत जातो आणि खालून वर येणारं हरीण अर्ध्या वाटेतच फिरतं. तुम्हाला ते आलं होतं हेही कळत नाही.

हा वारा बघायचा कसा? इथे रस्त्याच्या कडेला मिल्कवीड नावाचं झुडूप असतं. तोडलं की दुधासारखा चीक येतो, शेंग वाळली की आतून रेशमी कापूस निघतो. आपल्या रुईच्या कुळातलंच हे झाड. लहानपणी रुईची म्हातारी हवेत सोडून तिच्यामागे धावलो नाही असं मूल आपल्याकडे सापडणार नाही. इथले शिकारी तेच करतात. दोन-चार शेंगा खिशात ठेवायच्या आणि बसल्या जागेवरून एकेक म्हातारी सोडायची. वारा पाहण्यासाठी विकत मिळणारी पावडरची डबी पाच फुटांपर्यंतचा वारा दाखवते, म्हातारी पन्नास-साठ यार्डांपर्यंत दिसते. ती कुठे वळते, कुठे घोटाळते, कुठे अचानक खाली बुडी मारते, हे सगळं नजरेसमोर घडतं.

माझ्या खिंडीत मी एप्रिलमध्ये एक पूर्ण दिवस फक्त हे करत बसलो. सकाळी नऊला म्हातारी वर, धारेकडे गेली. दुपारी खिंडीतून सरळ आग्नेयेला. साडेचारनंतर एक क्षण ती हवेत उभी राहिली, मग जी वळली ती थेट ओढ्याकडे, मला जिथून हरीण यायला हवं होतं त्याच वाटेवरून. आधीच्या दोन संध्याकाळी मी तिथे का रिकामा राहिलो, ते मला त्या दिवशी कळलं.

माणसांचाही माग काढा

सरकारी जंगलात हरणाइतकंच महत्त्वाचं जनावर म्हणजे माणूस. हरीण त्याचाही अभ्यास करतं. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ पासून रॉथ्रॉकसह काही राज्य वनांतल्या हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून त्यांचा माग ठेवला. त्यातली एक मादी बंदुकीचा हंगाम आला की एका उभ्या डोंगरबाजूवर जाऊन लपायची. तिथपर्यंत चढायचा कोणाला उत्साह नसायचा. साधारण एखाद्या चौरस मैलात हरणाचं सगळं आयुष्य जातं. त्या मैलातली कोणती जागा निवांत, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

म्हणून मार्चमध्ये माणसांच्या खुणाही टिपायच्या. झाडाला अडकवलेली चमकती फीत, विसरलेलं मचाण, काडतुसाची नळी, पार्किंगपासून निघालेली मळवाट. बहुतेक जण गाडीपासून अर्ध्या मैलाच्या आत बसतात, चढ टाळतात, पाणी ओलांडत नाहीत. तुम्ही ओढा ओलांडलात किंवा एक उभी धार चढलात, तर गर्दी मागे राहते. पण लांब गेलं म्हणजे झालं असंही नाही. पार्किंगला लागून असलेलं काटेरी गचपण, ज्याच्याजवळून सगळे टॉर्च लावून पुढे निघून जातात, तिथे हरीण बसलेलं मी दोनदा पाहिलं आहे. एरवी पहिल्या दिवशीची गर्दी शाप वाटते, पण माणसं चढायला लागली की उठलेली हरणं कोणत्या खिंडीतून निसटतील हे आखून ठेवलं असेल, तर तीच गर्दी तुमच्या कामाची.

ट्रेल कॅमेरा, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, झाडाला लावणारे खूप आहेत. मी दोन लावतो. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. ॲरिझोनानं २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी घातली. कॅमेरा ‘कोण’ आणि ‘कधी’ सांगतो. ‘का’ ते पायांनीच कळतं.

परतीची वाट

जागा ठरली की आणखी दोन गोष्टी पाहिल्याशिवाय नकाशावर फुली मारायची नाही. पहिली, तिथे अंधारात कसं पोचणार. ज्या चरायच्या जागेवरून हरीण पहाटे परत येणार, तिच्यातून आपण गेलो तर सगळं मुसळ केरात. ओढ्याच्या पाण्यातून, दगडांवरून, आडवळणानं जावं लागलं तरी चालेल. दुसरी, हरीण पडल्यावर ते बाहेर कसं काढणार. आतडी काढल्यावरही मोठा नर पन्नास किलोच्या वर भरतो. दोन खिंडी ओलांडून तो एकट्यानं ओढत आणताना मी एकदा रडकुंडीला आलो. शिवाय हवा उबदार असली तर मांस खराब होतं. २०१२ पासून राज्याच्या काही भागांत हरणांचा सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आढळला आहे. तिथून डोकं आणि कणा बाहेर न्यायला बंदी असते, म्हणून कुठला विभाग कुठल्या यादीत आहे ते दर वर्षी आधी पाहून घ्यावं.

मचाण बांधायला गेम लँडवर मुदत असते, हंगामाच्या दोन आठवडे आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत. त्यावर मालकाची ओळख लावावी लागते. झाडात खिळे ठोकायचे नाहीत, फांद्या छाटायच्या नाहीत. आमिष टाकायला बंदी. बंदुकीसाठी वस्तीच्या घरापासून १५० यार्ड अंतर ठेवावं लागतं. आणि मचाणावर पट्टा बांधल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. शिकारीच्या अपघातांत गोळीची भीती सगळ्यांना वाटते, पडण्याची कोणालाच नाही, आणि लोक पडतात. परतल्यावर घरात शिरण्याआधी गोचीड तपासायच्या. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाच्या रुग्णांत आमचं राज्य देशात आघाडीवर आहे. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारलं तर बरंच संरक्षण मिळतं.

नव्यानं सुरू करणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक सूचना. परवान्याआधी शिकार-प्रशिक्षणाचा वर्ग पूर्ण करावा लागतो. जे व्हिसावर आहेत त्यांना बंदूक बाळगण्याबाबत केंद्रीय कायद्याची वेगळी बंधनं आहेत आणि त्यांना अपवादही आहेत. ते नीट समजून घेतल्याशिवाय बंदुकीला हात लावू नका. हेरायला मात्र आज दुपारीसुद्धा निघता येईल.

माझ्या वहीत या वर्षी तीन जागा आहेत. प्रत्येकीपुढे वारा लिहिलाय, वेळ लिहिलीय आणि जायची वाट काढलीय. पदरावरचं ते टोक वायव्येच्या वाऱ्यासाठी, सकाळ, खळग्यांच्या शंभर यार्ड आग्नेयेला आणि थोडं बाजूला, म्हणजे माझा वास त्यांच्यावर जाणार नाही. जाण्यासाठी खालच्या ओढ्यातून वर येणारी जुनी कोळशाची गाडीवाट. खिंड फक्त दुपारी. ओढ्याकाठचे पांढरे ओक संध्याकाळी, आणि तेही फळं असली तरच. ऑगस्टमध्ये पाहिलं, आहेत. शनिवारी वायव्येचा वारा सांगितलाय. शेंगा खिशात घातल्या आहेत.